अलॉय बसवल्यानंतर वारंवार टायर घासणे : लायनर कापण्याआधी काय मोजावे

आमच्या हॅचबॅकला कारखान्यातून १४ इंची लोखंडी चाके आणि १६५/८० आर १४ मापाचे टायर आले होते. एका दिवाळीत मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून १६ इंची अलॉय आणि त्यांवर २०५/५५ आर १६ मापाचे टायर बसवून घेतले. परतताना दारव्ह्याच्या पुढे, गावाच्या फाट्यावर डावीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवताच पुढच्या डाव्या चाकाकडून खडबडीत फरशीवरून गोणी ओढल्यासारखा आवाज आला. पुढच्या चौदा महिन्यांत हा दोष तीन वेळा दुरुस्त झाला आणि तिन्ही वेळा परत आला. पहिल्यांदा पुढचे लायनर, म्हणजे मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे अस्तर, कापले, दुसऱ्यांदा मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर घातले, तिसऱ्यांदा मागच्या मडगार्डची आतली कड हातोडीने ठोकून दाबली. प्रत्येक वेळी गाडी काही आठवडे गप्प राहिली, आणि मग शेगावच्या दर्शनाला पाच जण बसून निघालो की, किंवा पहिल्या पावसानंतर पांदणीने शेतावर गेलो की, पुन्हा तोच आवाज सुरू झाला.

आमच्या गावच्या मिस्त्रीने याचे निदान पहिल्याच दिवशी केले होते : “भाऊ, रिकामी असली तं चूप, भरली का बोंबलते.” मी ते हसण्यावारी नेले. वास्तविक तपासाची सगळी दिशा त्या वाक्यात होती. टायर कुठे टेकते, कोणत्या क्षणी टेकते आणि किती मिलिमीटरने टेकते, हे ठाऊक नसताना लायनर कापले, स्प्रिंग उचलली किंवा पत्रा ठोकला, तर घासण्याची जागा तेवढी बदलते आणि आवाज थोडा लांबणीवर पडतो. हे मला तीनदा पैसे मोजल्यावर उमगले. शेवटी दोष कसा सापडला आणि कसा गेला, ते येथे सविस्तर लिहितो. आकडे माझ्या गाडीचे असले तरी हिशेबाची रीत कोणत्याही गाडीला लागू पडते.

आवाज टायरचाच आहे, याची आधी खात्री

नवी चाके बसल्यावर येणारा प्रत्येक आवाज घासण्याचाच असतो असे नाही, आणि या एका गैरसमजापायी अनेकांची चांगली लायनरे कापली जातात. अलॉयचे बॅलन्सिंग करताना वजनाचे चिकटपट्टीचे तुकडे रिमच्या आतल्या बाजूला लावतात. त्यांतला एखादा तुकडा ब्रेकच्या कॅलिपरला पुसटसा लागत असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर टिक-टिक असा आवाज येतो आणि वेगाबरोबर तो जलद होतो. ब्रेकच्या डिस्कमागे पत्र्याची एक पातळ ढाल असते. तिच्यात मुरमाचा बारीक खडा अडकला तर किंचाळल्यासारखा धातूचा आवाज येतो, जो गाडी थोडी मागे घेतली की बहुधा थांबतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबताना येणारी टक-टक ही बहुतेक वेळा ॲक्सलच्या जॉइंटची असते, तर वेगाबरोबर वाढत जाणारी आणि लांब वळणावर कमी-जास्त होणारी घूंघूं ही चाकाच्या बेअरिंगची असते.

टायरचे घासणे यांहून वेगळे असते. तो आवाज बोथट आणि रबरी असतो, आणि तो पूर्ण वळणावर, गतिरोधकावर किंवा गाडी भरलेली असताना अशा ठरावीक प्रसंगीच येतो. शिवाय घासणारे टायर नेहमी खूण ठेवते. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते त्या कडेवर, चकचकीत पट्टा दिसला तर ते टायर लायनरला किंवा मडगार्डच्या कडेला लागते आहे. बाजूच्या भिंतीवर आतल्या अंगाने पूर्ण गोल रेघ उमटली असेल तर ते स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या उभ्या खांबाला, किंवा स्प्रिंगच्या बशीला लागते आहे. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा आहे, कारण तेथे टायर प्रत्येक फेऱ्याला घासते आणि बाजूची भिंत हा टायरचा सर्वांत पातळ भाग असतो. त्या भिंतीतले धागे उघडे पडले असतील तर पुढचे काहीही न वाचता ते टायर काढून टाकावे. त्यावर पंक्चरची दुरुस्ती चालत नाही.

चुन्याची खूण

लायनर काळे, टायर काळे आणि आमच्या भागातली मातीही काळी, त्यामुळे डोळ्यांनी खूण शोधणे अवघड जाते. मी पानटपरीवरून चुन्याची एक पुडी आणली, गाडी धुऊन चारही चाकांच्या खोबणी कोरड्या होऊ दिल्या, आणि लायनर, मडगार्डची आतली कड, बंपरचे कोपरे आणि मडफ्लॅप यांवर ओल्या बोटाने चुन्याचा पातळ हात फिरवला. अर्ध्या तासात तो पांढरा शुभ्र वाळतो. नंतर गाडी शाळेच्या मैदानावर नेऊन प्रथम डावीकडे, मग उजवीकडे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून पुढे आणि मागे अशा सावकाश फेऱ्या मारल्या. मागे जाताना फेरी मारणे टाळू नये, कारण काही गाड्यांत पुढे जाताना न लागणारे चाक मागे घेताना लागते.

उतरून पाहिले तेव्हा पुढच्या डाव्या खोबणीत चुना एकाच जागी पुसला गेला होता. बंपर आणि लायनर जेथे एका स्क्रूने जोडलेले असतात, त्या सांध्यावर तीन बोटे रुंदीचा काळा डाग पडला होता आणि त्याच्या मधोमध स्क्रूचे डोके घासून चांदीसारखे चमकत होते. मी पूर्वी कापलेले लायनर तेथून चांगले वीतभर वर होते. म्हणजे पहिली दुरुस्ती चुकीच्या जागीच झाली होती. आवाज बंद झाला तो त्याच दिवशी हवा भरून घेतल्यामुळे; महिनाभरात हवा उतरली आणि आवाज परत आला, एवढाच त्याचा अर्थ.

मागची दोन्ही चाके या चाचणीत स्वच्छ निघाली. रिकाम्या गाडीत ती स्वच्छ निघणारच होती.

गोण्या घालून पाहणी

आमचे कृषी सेवा केंद्र असल्याने वजनासाठी मला दूर जावे लागले नाही. युरियाची गोणी ४५ किलोची असते. पूर्वी ती ५० किलोची असे, हे लक्षात घेऊन हिशेब करावा. डिक्कीत तीन गोण्या, म्हणजे १३५ किलो, आणि मागच्या सीटवर आमच्याकडे काम करणारे दोघे, एवढे ओझे शेगावच्या प्रवासाच्या जवळपास जाते. रिकाम्या गाडीत मागच्या टायरचा माथा आणि मडगार्डची कड यांमधले उभे अंतर टेपने ७० मिमी भरले होते. ओझे चढल्यावर ते ३८ मिमी राहिले. ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. गतिरोधकावरून उतरताना उरलेले ३८ मिमी क्षणात संपतात, आणि मग टायर कडेच्या आत शिरते की कडेला आदळते, यावर सगळे अवलंबून असते.

ते पाहण्यासाठी शेताचा धुरा, म्हणजे बांध, फार उपयोगी पडला. पुढचे डावे चाक धुऱ्यावर चढवून गाडी उभी केली की पुढची डावी आणि मागची उजवी स्प्रिंग दबते. पुढचे उजवे चाक चढवले की उलट होते. अशा स्थितीत, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगडाची ओट लावून, टायरचा बाहेरचा खांदा आणि मडगार्डची कड यांच्यातले आडवे अंतर बाहेरून वाकून मोजता येते. गाडीखाली मात्र शिरू नये, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कधीच नाही. माझ्या गाडीत उजव्या बाजूला टायरचा खांदा कडेच्या बाहेर ४ मिमी आला होता, डाव्या बाजूला ५ मिमी. ओझे घातल्यावर मागे चुना पुसला गेला तो नेमका त्याच पट्टीत.

कुठे, कधी आणि किती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आता हातात होती : पुढे बंपरच्या सांध्यावर, फक्त डाव्या पूर्ण वळणावर, सुमारे ६ मिमी; मागे मडगार्डच्या कडेवर, फक्त ओझ्यासह आणि धक्क्याच्या वेळी, ४ ते ५ मिमी. चौदा महिन्यांची कटकट पाच-सहा मिलिमीटरची होती.

हे मिलिमीटर आले कोठून

टायर बदलताना दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही उंचीकडे पाहतात. उंचीचा हिशेब सोपा आहे : मापातल्या पहिल्या आकड्याला, म्हणजे मिलिमीटरमधल्या रुंदीला, दुसऱ्या आकड्याच्या टक्केवारीने गुणून बाजूच्या भिंतीची उंची काढायची, तिची दुप्पट करायची आणि रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये त्यात मिळवायचा. १६५/८० आर १४ चा व्यास ६१९.६ मिमी येतो आणि २०५/५५ आर १६ चा ६३१.९ मिमी. फरक १२ मिमीचा, म्हणजे चाकाच्या केंद्रापासून फक्त ६ मिमीचा. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी सुमारे ६१ ने धावते, इतकेच. दुकानात मला “उंचीत काही फरक पडत नाही” असे सांगितले गेले, आणि ते फारसे खोटे नव्हते.

खोट होती रुंदीत आणि ऑफसेटमध्ये. रिम जेथे हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते त्या मधल्या भागाला, टेकते तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमच्या आतल्या अंगाला तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे ओतलेला किंवा ठोकलेला असतो. हा आकडा जितका लहान, तितके चाक गाडीच्या बाहेर येते. माझे जुने चाक ५ इंच रुंद आणि ईटी ४५ होते. नवे साडेसहा इंच रुंद आणि ईटी ३८ निघाले. दुकानात हे आकडे कोणी उच्चारले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तेथे फक्त चार नटांची भोके १०० मिमीच्या वर्तुळावर जुळतात का, एवढेच पाहिले गेले होते. भोके जुळली म्हणजे चाक बसले, अशी आपल्याकडची समजूत आहे. भोके जुळणे हे केवळ चाक चढते याचे प्रमाणपत्र आहे.

आता टायरच्या रुंदीचा निम्मा भाग घेऊन त्यातून ऑफसेट वजा केला की हबपासून बाहेरची बाजू किती पुढे आहे ते कळते, आणि मिळवला की आतली बाजू कळते. जुन्या टायरचे निम्मे ८२.५, वजा ४५, म्हणजे बाहेर ३७.५ मिमी. नव्याचे निम्मे १०२.५, वजा ३८, म्हणजे बाहेर ६४.५ मिमी. टायर बाहेरच्या बाजूला २७ मिमी सरकले होते. आतल्या बाजूला जुने १२७.५ आणि नवे १४०.५, म्हणजे स्ट्रटकडे १३ मिमी. टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक रिमवर मोजलेली नाममात्र रुंदी असते आणि प्रत्यक्षात काही मिलिमीटर इकडे-तिकडे होतात, तरी २७ मिमी हा आकडा एका बोटाहून मोठा आहे. शिवाय बाहेर सरकलेले चाक वळताना मोठा घेर घेते, म्हणून स्टिअरिंग सरळ असताना भरपूर दिसणारी मोकळी जागा पूर्ण वळणावर उरत नाही. ज्या मडगार्डच्या आत टायर पूर्वी ओझ्याखाली निमूटपणे शिरत असे, त्याच्या कडेखाली ते आता आले होते.

हा हिशेब चाके घेण्यापूर्वी कागदाच्या चिठ्ठीवर पाच मिनिटांत झाला असता, याची चुटपुट अजून आहे.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने केली

सर्वांत आधी मी जे करायला नको होते ते काढून टाकले. स्प्रिंगांमधले रबरी बफर काढले. ते स्प्रिंगचे काही वेढे बांधून ठेवतात, त्यामुळे उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो, रिकामी गाडी आपटू लागते, आणि गाडी वर उचलली गेल्याने दोष काही काळ झाकला जातो. बफर काढताना खरा माल सापडला : मागच्या शॉकअपच्या दांड्यावर जो फोमचा ठोकळा असतो, जो स्प्रिंग पूर्ण दबण्याआधी धक्का अडवतो, तो दोन्ही बाजूंना चुरा होऊन गळून पडला होता. वर्षानुवर्षे खड्ड्यांतून भरून चाललेल्या गाडीत हे नेहमीचे आहे, आणि तो ठोकळा नसला की चाक जेवढे वर जायला नको तेवढे जाते. नवे ठोकळे किरकोळ किमतीत आले. धुऱ्यावरची मोजणी पुन्हा केली तेव्हा मागचे चाक पूर्वीइतके वर जात नव्हते, आणि कडेबाहेर येणारे अंतर डाव्या बाजूला ५ वरून ३ मिमीवर आले.

मग हवा. टायरमधली हवा गाडी सकाळी थंड असताना मोजावी. मे महिन्यात भर दुपारी पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो आणि पंपावरचा मुलगा तो पाहून हवा सोडतो, मग रात्री तेच टायर उपाशी राहते. हवा कमी असलेले टायर खाली फुगते आणि गाडीही तेवढी बसते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरची चिठ्ठी मूळ मापासाठी असते, तेव्हा माप बदलल्यास टायरवाल्याकडून त्या मापाचा आणि भाराचा योग्य दाब लिहून घ्यावा.

पुढच्या बाजूला लायनरचे दोन क्लिप गायब होते. चाके बसवताना ते काढले गेले आणि परत लागलेच नाहीत. ज्या स्क्रूचे डोके चमकत होते तो मूळचा नव्हताच. कोणीतरी लांब स्क्रू मारून ठेवला होता. मी कापलेले लायनर बदलून नवे घेतले. कापलेल्या भोकातून मागच्या वायरिंगवर आणि हॉर्नवर चिखल उडत होता, त्यामुळे त्याला पर्याय नव्हता. क्लिप पूर्ण लावले आणि सांध्याला चपट्या डोक्याचा आखूड स्क्रू लावला. एवढ्याने सहापैकी अंदाजे ३ मिमी सुटले.

उरलेल्या अंतरासाठी टायर बदलले, आणि सगळ्या खटाटोपात निर्णायक ठरले ते हेच. १९५/५५ आर १६ या मापाचा व्यास ६२०.९ मिमी आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम सव्वा मिलिमीटर जास्त. रुंदी १० मिमीने घटल्यामुळे बाहेरून ५ आणि आतून ५ मिमी परत मिळाले, आणि उंचीत साडेपाच मिलिमीटर. साडेसहा इंच रिमवर हे माप बसते. भाराचा आकडाही पाहिला : मूळ टायरवर ८५ होता, म्हणजे एका टायरला ५१५ किलो, नव्यावर ८७ आहे, म्हणजे ५४५ किलो. हा आकडा मूळापेक्षा कमी असलेले टायर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. २०५ चे अर्धवट झिजलेले टायर मोडीच्या भावात गेले, हे दुःख वेगळे.

मागच्या कडेचा प्रश्न टायर बदलल्यावर कागदावर सुटला होता, पण हाताशी जेमतेम २ मिमी राहत होते आणि तेवढ्यावर भरलेली गाडी सोडणे मला पटले नाही. म्हणून कड आत दुमडून घेतली, या वेळी नीट. हबला बोल्टने जोडायचे रोलर असलेले एक साधन असते. गरम हवेच्या बंदुकीने रंग तापवून, त्या रोलरने कड थोडी थोडी करत अनेक फेऱ्यांत दाबतात. रंग थंड असताना दाबल्यास तो तडकतो. माझ्या हातोडीच्या ठोक्यांनी तो आधीच तडकला होता आणि एका पावसाळ्यात तेथे गंजाचे तांबडे फोड आले होते. ते खरवडून, प्रायमर आणि रंग लावूनच पुढचे काम करावे लागले. येथे एक गोष्ट बजावून सांगण्यासारखी आहे : मागच्या मडगार्डची कड बहुधा बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडून तयार झालेली असते. ती ग्राइंडरने कापून टाकली तर जोडच सुटतो आणि पाणी थेट पत्र्यांच्या पोटात उतरते. कोणी “दोन मिनिटांत कापून देतो” म्हणाले तर गाडी घेऊन परत यावे.

शेवटी अलाइनमेंट केली. हबचा मधला उंचवटा आणि अलॉयचे मधले भोक यांत फट होती. मारुतीच्या अनेक लहान गाड्यांप्रमाणे आमचा हब ५४.१ मिमीचा आहे आणि बाजारातील अलॉयचे भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते, तेव्हा त्या फटीत बसणाऱ्या कड्या घातल्या. याने घासणे थांबत नाही; चाक मध्यावर बसते आणि सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगची थरथर जाते.

जे उपाय सुचवले गेले आणि मी केले नाहीत

स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. स्पेसर चाकाला आणखी बाहेर ढकलतो, त्यामुळे टायर आतून स्ट्रटला लागत असेल तरच त्याचा विचार करता येतो. माझ्यासारखे बाहेरून घासत असेल तर तो दोष वाढवतो. जेथे तो खरोखर लागतो तेथेही नट पुरेसे आत जातात का, हे मोजावे. १२ मिमीच्या आणि सव्वा मिलिमीटर आट्यांच्या स्टडवर नट निदान नऊ-दहा फेरे फिरला पाहिजे. चार-पाच फेऱ्यांवर घट्ट झालेला नट चाक धरून ठेवील, असा विश्वास ठेवू नये.

स्ट्रटच्या खालच्या बोल्टच्या जागी विक्षिप्त, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेला, बोल्ट घालून चाकाचा माथा आत झुकवण्याचाही एक मार्ग आहे. एखादा अंश झुकवल्याने वरच्या बाजूला काही मिलिमीटर मिळतात, पण टायर आतल्या कडेने लवकर झिजते, आणि आमच्यासारख्या रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्याला ते परवडत नाही.

आणि तिसरा सल्ला, जो दुकानातून फुकट मिळाला : “स्टिअरिंग पूर्ण वळवू नका.” बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांच्या मधून आडव्या गल्लीत गाडी फिरवून पाहावी आणि मग हा सल्ला द्यावा.

काळ्या मातीचे प्रकरण

एवढे सगळे झाल्यावरही मृगाच्या पहिल्या पावसात शेतावर जाऊन येताना आवाज आलाच, आणि मी डोक्याला हात लावला. घरी येऊन पाहिले तर घासत होते ते लायनर नव्हते, माती होती. कपाशीची काळी जमीन ओली झाली की तिच्यातली चिकणमाती फुगते आणि चिकटते. बैलगाडीच्या चाकावर ती थरावर थर चढवते, तशीच टायरच्या नक्षीत आणि लायनरच्या खोबणीत. मूळ चाकाभोवती भरपूर पोकळी असल्याने ती माती फिरत्या टायरने आपोआप खरवडली जात असे किंवा गळून पडे. नव्या चाकाभोवती पोकळी कमी, म्हणून ती दाबून बसते आणि दोन दिवसांच्या उन्हात विटेसारखी कडक होते. मग कोरड्या डांबरी रस्त्यावरही टायर त्या विटेला घासत राहते, आणि माणूस अलाइनमेंटला जातो.

तेव्हा पावसाळ्यात आवाज आला तर पहिला उपाय पाण्याचा पाइप. माती ओली असतानाच धुवावी. वाळली असेल तर भिजवून बाभळीच्या किंवा बांबूच्या काठीने काढावी. पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नये, कारण त्याच पोकळीतून ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची तार जाते. याच वेळी त्या दोन्हींवर घासल्याची खूण आहे का, तेही पाहावे. रुंद टायर आतल्या बाजूने पूर्ण वळणावर नळीला लागत असेल तर गाडी तेथेच थांबवण्याइतकी ती गंभीर बाब आहे. रिमच्या आतल्या अंगाला चिकटलेला मातीचा एक गोळाही चाकाचे संतुलन बिघडवतो. स्टिअरिंग अचानक थरथरू लागले तर बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी रिम आतून धुऊन पाहावे.

हेच पुन्हा करायचे झाले तर मी १६ इंची चाकांच्या वाटेला जाणार नाही. आमच्या रस्त्यांना १५ इंची, ६ इंच रुंद, ईटी ४५ चे रिम आणि १८५/६५ आर १५ चे टायर हे माप अधिक शहाणपणाचे आहे. त्याचा व्यास ६२१.५ मिमी येतो, टायर बाहेर आणि आत १०-१० मिमीच सरकते, आणि बाजूची भिंत १२० मिमी उंच राहते, जी माझ्या सध्याच्या टायरमध्ये १०७ मिमी आहे. खड्ड्यात रिम वाकणे किंवा न वाकणे याच तेरा मिलिमीटरांवर ठरते. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा बदलाला मनाई करते, म्हणून उत्पादकाने त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीत दिलेले माप निवडणे आणि विमा कंपनीला चाके बदलल्याचे लेखी कळवणे हे दोन्ही करून ठेवावे.

टायर बदलून, कड दुमडून झाल्यावर मी चुन्याचा हात पुन्हा फिरवला आणि पाच जण व सामान घेऊन कारंजा, मूर्तिजापूर, अकोला या मार्गाने शेगावला जाऊन आलो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून नट पान्याने पुन्हा आवळले. नव्याने चढवलेल्या अलॉयला हे आवश्यक असते. घरी आल्यावर मागच्या कडेवरचा चुना धुळीने करडा झाला होता, पण कोठेही पुसलेला नव्हता. पुढे बंपरच्या सांध्यावर एक नखाएवढी जागा पुसट झाली होती, ती पुढच्या दोन महिन्यांत वाढलेली नाही.

एक बाब राहिली. डिक्कीतली स्टेपनी अजून मूळची १४ इंची लोखंडीच आहे. तिचा व्यास आताच्या टायरच्या जवळपास असल्याने तात्पुरती चालते, परंतु अलॉयसोबत आलेले लांब नट लोखंडी चाकावर नीट टेकतीलच असे नाही. मी मूळचे चार नट एका जुन्या बियाण्याच्या पिशवीत बांधून स्टेपनीच्या मधल्या भोकात ठेवले आहेत, आणि पान्याचा सॉकेट दोन्ही नटांना बसतो का, हे घराच्या अंगणातच करून पाहिले आहे.